हे साहेबांनी वाचायला हवं

घराला रंग द्यायचा ठरला की आपली निम्मी इस्टेट रद्दी आहे हे नव्याने कळतं. परवा आमच्याकडे रंगारी येणार होता. पुस्तकांचं कपाट भिंतीपासून सरकवायला हवं होतं आणि भरलेलं कपाट चार माणसांनाही हलेना. तेव्हा ते रिकामं करण्याची कामगिरी निवृत्त माणूस म्हणून माझ्याकडे आली.

“ठेवायची ती डावीकडे लावा, रद्दीची उजवीकडे. आणि वाचत बसू नका,” आमची ही म्हणाली. पायांत चपला सरकवता सरकवता तिने आणखी एक वाक्य टाकलं, “कुकर लावलाय. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. मी कोथिंबीर घेऊन आलेच.”

“हो,” मी म्हटलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली की हे ‘हो’ तोंडातून आपोआप बाहेर पडतं. त्यासाठी समोरचं ऐकावं लागत नाही.

वरच्या कप्प्यात पोथ्या, त्याखाली मुलांची जुनी गाइडं, आणि त्याखालचे अख्खे दोन कप्पे माझ्या लीडरशिपच्या पुस्तकांचे. मोजली, २७ भरली. प्रत्येकात पेन्सिलीच्या खुणा आहेत आणि त्या साधारण चाळिसाव्या पानापर्यंत आहेत. पुढची पानं इतकी कोरी की पहिली चाळीस फाडली तर अप्पा बळवंत चौकात कोणीही नवं पुस्तक म्हणून विकत घेईल.

मी भोसरीतल्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं काढली. पंपांचे सुटे भाग बनवायचो. लागलो ट्रेनी म्हणून, निवृत्त झालो असिस्टंट मॅनेजर, स्टोअर्स म्हणून. म्हणजे सत्तावीस पुस्तकांमागे बढत्या तीन. नऊ पुस्तकांना एक, हा भागाकार हिने एकदा पाहुण्यांसमोर तोंडी करून दाखवला होता.

पहिलं पुस्तक मेहुण्याचं. मी सुपरवायझर झालो तेव्हा पेढा तोंडात टाकून त्याने पिशवीतून ते काढलं. डेल कार्नेगीचं ‘हाऊ टू विन फ्रेंड्स अँड इन्फ्लुएन्स पीपल’. छापलंय १९३६ साली. त्याच वर्षी तिकडे हिटलर बर्लिनला ऑलिंपिक भरवून जगावर छाप पाडत होता आणि इकडे हा अमेरिकन गृहस्थ, माणसं न दुखावता कशी जिंकावीत ते लिहीत होता. मिसुरीतल्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा. १९१२ पासून न्यूयॉर्कच्या वायएमसीएत रात्री भाषणकलेचे वर्ग घ्यायचा. त्यातून उभं राहिलेलं हे पुस्तक. मी ते दोन रात्रींत वाचून काढलं. म्हणजे चाळिसाव्या पानापर्यंत. पुढचं मेहुण्याने तोंडी सांगितलं.

कार्नेगीचा एक मुद्दा असा की माणसाला स्वतःच्या नावाइतकं गोड काही वाटत नाही, म्हणून त्याला नावाने हाक मारावी. ठीक आहे, अमेरिकेत गोड लागत असेल. आपल्याकडे पूर्ण नावाने हाक तीनच ठिकाणी येते. शाळेत हजेरी घेताना, कोर्टात पुकारा होतो तेव्हा, आणि आई संतापली की. मी दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला लेथवरच्या एका जुन्या ऑपरेटरला त्यांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं घेऊन सुप्रभात म्हटलं. एरवी आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. अण्णांनी मशीन बंद केलं, हात पुसले आणि खालच्या आवाजात विचारलं, “चार्जशीट आलंय का?”

दुसरा मुद्दा हसण्याचा. तोही मी मनावर घेतला आणि कॅन्टीनच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाकडे बघून हसलो. दुपारी दोन वाजता युनियनचे चिटणीस केबिनपाशी आले. म्हणाले, “खरं सांगा, कपात किती जणांची आहे?”

नावाचं मोल कार्नेगीला कळलं होतं यात शंका नाही. त्याच्या आडनावाचं स्पेलिंग मुळात वेगळं होतं. ते बदलून त्याने पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीच्या आडनावासारखं करून घेतलं. नातं काही नव्हतं. ही युक्ती मात्र पुस्तकात मला सापडली नाही. चाळिसाव्या पानाच्या पुढे असेल.

आत कुकरची शिट्टी झाली. एक.

मेहुण्याच्या पुस्तकाने झालेलं नुकसान माझ्यापुरतं होतं. कारखान्याचं खरं पुस्तकपर्व सुरू झालं ते आमचे साहेब लोणावळ्याच्या तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आल्यावर. जाताना साहेब चारचौघांसारखे होते. आले ते जिभेवर स्टीफन कव्हीचं ‘सेव्हन हॅबिट्स’ घेऊन आणि सोमवारी सकाळी म्हणाले, “आपण सगळ्यांनी करवतीला धार लावली पाहिजे.” कव्हीची ही सातवी सवय. झाडं तोडत सुटण्याआधी थांबून करवतीला धार लावा, म्हणजे स्वतःच्या शरीरामनाची निगा राखा, असा तिचा मथितार्थ. तो साहेबांच्या मनात होता आणि मनातच राहिला. आमच्या स्टोअरकीपरने संध्याकाळपर्यंत चार डझन हॅक्सॉ ब्लेडचा इंडेंट करून माझ्या सहीला पाठवला. वर शेरा, ‘साहेबांच्या तोंडी आदेशानुसार’. मी सही केली. ब्लेड आले. त्या वर्षी कारखान्यातल्या करवतींना खरोखरच धार होती.

ते पुस्तक १९८९ चं. २००४ मध्ये कव्हीने आठव्या सवयीवर वेगळं पुस्तक काढलं. तोवर आमच्यातल्या कुणाला पहिली सवयही लागलेली नव्हती. आठवी आल्याचं कळल्यावर डिस्पॅचचे काका एवढंच म्हणाले, “व्याज धरलंय वाटतं.”

मग आलं चीजचं पुस्तक. ‘हू मूव्ह्ड माय चीज?’, स्पेन्सर जॉन्सन, १९९८. शंभर पानांचंही नाही. त्यामुळे यात माझ्या पेन्सिलीच्या खुणा जवळजवळ अर्ध्यापर्यंत पोचल्यात. गोष्ट सोपी आहे. एका भुलभुलैयात दोन उंदीर आणि उंदरांएवढीच दोन माणसं राहत असतात. रोज एका जागी चीज मिळतं, एक दिवस मिळेनासं होतं. उंदीर लगेच धावत सुटतात आणि नवं चीज शोधतात. माणसं मात्र चीज गेलं कुठे म्हणून रडत बसतात. तात्पर्य, उंदरासारखं वागा.

साहेबांनी या पुस्तकाच्या साठ प्रती मागवल्या आणि खात्याखात्यांतून वाटल्या. नेमक्या कोणत्या आठवड्यात? तर एक शॉप उचलून चाकणला न्यायचं आणि पंचेचाळीसच्या वरच्या लोकांना स्वेच्छानिवृत्ती द्यायची हे ठरलं त्या आठवड्यात. कामगारांनी पुस्तक आमच्यापेक्षा लवकर वाचलं. इंग्रजी येणाऱ्या एकाने जेवणाच्या सुट्टीत गोष्ट मराठीत सांगितली, बाकीच्यांनी डबे खाता खाता ऐकली. गोष्ट संपल्यावर अण्णांनी विचारलं, “ते सगळं झालं. पण हलवलं कुणी?”

सांगणाऱ्याने पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. “ते यात दिलेलं नाही.”

“कव्हरावर तर तेच विचारलंय,” अण्णा म्हणाले, आणि डब्याचं झाकण लावलं.

मला त्या दिवशी दुसरा एक उंदीर आठवला. शाळेत इतिहास शिकलेल्या बहुतेक मराठी माणसांना तो कधी ना कधी भेटलेला असतो. शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं प्रसिद्ध पत्र आहे. पावसाळा तोंडावर, घोडदळ मुक्कामाला. दाणागवत मोजून वापरा, आत्ताच उधळलंत तर पुढे घोडी उपाशी मरतील. रयतेच्या भाजीपाल्याला हात लावू नका, लागेल ते बाजारातून विकत आणा. आणि मग दिव्यांचा विषय निघतो. रात्री झोपताना दिवे तसेच ठेवाल, एखादा उंदीर जळती वात तोंडात धरून पळेल, गवताच्या गंजीला आग लागेल, घोडी जातील, आणि दोष तुमच्यावर येईल. राज्य उभं करण्याच्या धामधुमीत असलेल्या माणसाला उंदराच्या तोंडातली वात दिसत होती. शिवाय ती विझवायची जबाबदारी कुणाची, तेही त्याने त्याच कागदात लिहून ठेवलं. जॉन्सनच्या उंदरापुढे मला हा उंदीर जास्त शिकलेला वाटतो. साहेबांना हे सांगावं असं फार मनात आलं. पण साहेब त्या वेळी चाकणची जागा बघायला गेले होते.

सगळ्यात मोठा गोंधळ झाला तो बसचा.

जिम कॉलिन्सचं ‘गुड टू ग्रेट’ २००१ मध्ये आलं. आमच्याकडे पोचायला त्याला चार वर्षं लागली, पण पोचलं ते थेट नोटीस बोर्डावर. कॉलिन्सचा एक सिद्धान्त असा की आधी योग्य माणसं बसमध्ये घ्या, अयोग्य उतरवा, योग्य माणसं योग्य जागी बसवा, आणि मग बस कुठे न्यायची ते ठरवा. साहेबांना हे इतकं आवडलं की त्यांनी स्वतः भाषांतर करून, टाइप करून, सहीशिक्क्यानिशी लावलं. ‘योग्य माणसे बसमध्ये. अयोग्य माणसे बसच्या बाहेर. योग्य माणसे योग्य सीटवर. अंमलबजावणी तातडीने.’ बाकी काही नाही. कॉलिन्सचं नाव नाही, पुस्तकाचं नाव नाही.

आता, कंपनीच्या दोन बस होत्या, एक हडपसरची आणि एक निगडीची. हडपसरच्या बसमध्ये कोण कुठे बसतो हे वीस वर्षांत ठरून गेलेलं होतं. डावीकडची तिसरी खिडकी अण्णांची, कारण तिथे सकाळचं ऊन लागत नाही. ड्रायव्हरच्या मागची सीट टाइम ऑफिसवाल्यांची. मागची लांब सीट ट्रेनींची, कारण खड्डा आला की तिथलेच उडतात आणि त्या वयात पाठीचं काही वाटत नाही. या व्यवस्थेला कंपनीच्या कुठल्याही नियमापेक्षा जास्त मान होता.

अकरा वाजता बोर्डापुढे गर्दी. बारा वाजता ड्रायव्हर माझ्याकडे, कारण डिझेल स्टोअर्समधून जायचं. “उतरवायचं कुणाला त्यांची यादी द्या म्हणजे झालं. मी आपला गेटवर गाडी थांबवतो.” दीड वाजता युनियनची कमिटी साहेबांच्या केबिनमध्ये. मी कॉफी सांगायच्या निमित्ताने आत गेलो आणि बाहेर पडायचं विसरलो.

“सीट बदलायच्या तर आधी चर्चा व्हायला हवी होती,” चिटणीस म्हणाले. “गेल्या करारात सीटचा विषयच नाही.”

“अहो, ते उदाहरण आहे,” साहेब म्हणाले. “बस म्हणजे खरी बस नव्हे. बस म्हणजे आपली कंपनी.”

कमिटीने एकमेकांकडे पाहिलं. खजिनदार जरा सावकाश बोलणारे होते. ते म्हणाले, “म्हणजे उतरवायचंय ते कंपनीतून?”

साहेबांनी घोटभर पाणी प्यायलं. चार वाजता नोटीस निघाली आणि तिच्या जागी रक्तदान शिबिराची लागली. पण पुढे सहा महिने हडपसरच्या बसमध्ये कुणी आजारी माणूससुद्धा जागा सोडून उठला नाही. उठला तर परत बसायला मिळेल याची खात्री कोण देणार?

जाता जाता कॉलिन्सचंही सांगतो. त्याने आणि त्याच्या मदतनिसांनी १,४३५ कंपन्या चाळल्या आणि चांगल्याच्या थोर झालेल्या म्हणून ११ काढल्या. त्या अकरांपैकी विजेच्या वस्तू विकणारी सर्किट सिटी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि फॅनी मे ही घरकर्जाच्या धंद्यातली कंपनी त्याच वर्षी अमेरिकी सरकारला ताब्यात घ्यावी लागली. २००९ मध्ये कॉलिन्सने बलाढ्य कंपन्या कशा कोसळतात यावर पुस्तक काढलं. वधूवर सूचक मंडळाच्या चालकानेच पुढे घटस्फोटाची वकिली सुरू करावी तसं. पण हे जुनंच दुखणं आहे. १९८२ मध्ये पीटर्स आणि वॉटरमन यांनी ‘इन सर्च ऑफ एक्सलन्स’मध्ये उत्तम कंपन्या निवडून दाखवल्या, आणि दोनच वर्षांत ‘बिझनेस वीक’ने त्यांतल्या काहींची झालेली पडझड मुखपृष्ठावर छापली. आमचा अमुक मुलगा बोर्डात येणार असं आधीच गल्लीत सांगू नये म्हणतात ते काही खोटं नाही.

एव्हाना आणखी एक शिट्टी झाली होती बहुतेक. की ती खालच्या मजल्यावरची होती?

‘लीडर्स ईट लास्ट’ हे सायमन सिनेकचं पुस्तक २०१४ चं. नाव अमेरिकी मरीन सैनिकांच्या रिवाजावरून घेतलंय. तिथे जेवणाच्या रांगेत सगळ्यात कनिष्ठ आधी आणि अधिकारी शेवटी. रिवाज उत्तम आहे. तो आमच्या वार्षिक स्नेहभोजनात आला तेव्हा मात्र त्याचं काय झालं ते सांगण्यासारखं आहे. साहेब हाताची घडी घालून रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. साहेब शेवटी म्हटल्यावर जनरल मॅनेजर त्यांच्यापुढे कसे उभे राहणार? तेही मागे गेले. ते गेले म्हणून मॅनेजर मागे, मॅनेजर म्हणून आम्ही, आम्ही म्हणून सुपरवायझर. बुफेच्या टेबलापाशी आचारी हातात डाव घेऊन उभा आणि समोर कुणी नाही. मागच्या भिंतीपाशी मात्र शेवटच्या नंबरासाठी चेंगराचेंगरी. शेवटी ट्रेनी पोरांनी ‘आम्ही घेतो मग’ म्हणून सुरुवात केली. ती पोरं वसतिगृहात राहणारी, दोन दोन वाट्या बासुंदी तर उभ्या उभ्याच संपवली. साहेबांपर्यंत रांग आली तेव्हा मसालेभात, मठ्ठा आणि पापडाचा चुरा शिल्लक होता. साहेबांनी तो प्रसन्न चेहऱ्याने खाल्ला. पुढच्या वर्षी अधिकाऱ्यांसाठी वेगळं टेबल लागलं आणि सिनेकचं पुस्तक कपाटात गेलं.

मी घरी येऊन हा किस्सा सांगितला. ही पोळ्या लाटत होती. म्हणाली, “शेवटी जेवणाराला काय उरतं हे सांगायला पुस्तक लागलं तुम्हाला?”

रॉबिन शर्मांची दोन पुस्तकं माझ्याकडे आहेत. पहिलं फेरारी विकणाऱ्या संन्याशाचं. कोर्टात छातीत कळ येऊन कोसळलेला वकील सगळं विकतो, हिमालयात जातो आणि शहाणा होऊन परत येतो. यात माझी अडचण सुरुवातीलाच झाली. हिमालयात जायला आधी फेरारी हवी. माझ्याकडे चेतक होती. ती विकायला काढली तर गिऱ्हाइकाने दोन हजार दोनशे दिले, त्यातले चारशे कागदपत्रांवाल्या एजंटाला गेले. उरलेल्या पैशांत शहाणपण जेवढं लांब सापडेल तेवढं, म्हणजे स्वारगेटहून सुटणाऱ्या एसटीच्या पल्ल्यात. दुसरं ‘फाइव्ह एएम क्लब’, २०१८ चं. पहाटे पाचला उठा, वीस मिनिटं व्यायाम, वीस मिनिटं चिंतन, वीस मिनिटं अभ्यास. उठलो. आमच्या सोसायटीत नळाला पाणी पाच ते सहा येतं, त्यामुळे सगळ्या बिल्डिंगी आधीच जाग्या होत्या. दूधवाला जागा होता, पेपर टाकणारी मुलं जागी होती, वॉचमन तर झोपलाच नव्हता. यांतला एकही जण अजून कुठल्या कंपनीचा प्रमुख झाल्याचं ऐकिवात नाही. मी वीस मिनिटं पिंप भरलं, वीस मिनिटं बादल्या भरल्या आणि उरलेली वीस मिनिटं पिंप गळतंय कुठून यावर चिंतन केलं.

एक खरं की, ही सगळी पुस्तकं अमेरिकेतून येतात म्हणून नाकं मुरडणारे लोक असतात, त्यांनी आपलं ‘पंचतंत्र’ जरा उघडून पाहावं. राजा अमरशक्तीची तीन मुलं, तिघंही मठ्ठ. ऐंशी वर्षांचे विष्णुशर्मा पुढे येतात आणि सांगतात, सहा महिन्यांत यांना राजनीतीत पारंगत करतो, नाही केलं तर नाव लावणार नाही. मुदत, हमी, प्राण्यांच्या गोष्टी, सगळं आहे. लोणावळ्याच्या शिबिरात याहून वेगळं काही नव्हतं. फरक एवढाच की विष्णुशर्मांनी फी घेतली नाही. पुढे त्या तिघांनी राज्य कसं केलं हे काही पुस्तकात येत नाही. इटलीच्या मॅकियाव्हेलीची कथा आणखी करुण. १५१२ मध्ये नोकरी गेली, पुढच्या वर्षी तुरुंगात टाकून हाल केले. सुटल्यावर त्याने राज्य कसं करावं यावर ‘द प्रिन्स’ लिहिलं आणि ज्या मेदिची घराण्याने त्याला घालवलं त्यांच्यातल्याच एकाला अर्पण केलं, परत कामावर घेतील या आशेने. त्या अर्पणाने नोकरी काही परत मिळाली नाही. पुस्तक छापलं गेलं १५३२ मध्ये, तो जाऊन पाच वर्षं झाल्यावर. साहेबांना पुस्तक भेट देऊन काही साधत नाही हे पाचशे वर्षांपूर्वीच दिसलं होतं. तरी मी दिलं.

पण त्याआधी दासबोध. कपाटाच्या वरच्या कप्प्यातून तोही खाली आला. आमच्या आजोबांची प्रत. रोज दुपारी जेवणं झाली की ते मोठ्याने वाचायचे आणि आम्ही सगळे पानं-सुपारी, वाती, डुलक्या असं करत ऐकायचो. दुसऱ्या दशकाच्या सुरुवातीलाच मूर्खलक्षणं आहेत. ती सुरू झाली की घरात चैतन्य यायचं. एकेक लक्षण वाचलं जाई आणि काका आत्याच्या यजमानांकडे बघत, आत्या काकूकडे बघे, काकू छताकडे बघे, आणि आजी हळूच आजोबांकडे. स्वतःकडे कुणी बघितल्याचं मला आठवत नाही. समर्थांना हे माहीत असणार. कारण त्याच दशकात शेवटी पढतमूर्खाची लक्षणं वेगळी दिली आहेत. वाचून झाल्यावर जे उरतात त्यांच्यासाठी. त्या समासाच्या वेळी आमच्याकडे सगळ्यांना झोप यायची.

मी खाली बसून माझी सत्तावीस पुस्तकं एकेक उघडली. पेन्सिलीने काय काय लिहिलंय ते बघत गेलो. कार्नेगीत, ‘मेहुणा!’. कव्हीत, ‘साहेब’. कॉलिन्समध्ये नम्र नेत्याचं वर्णन येतं तिथे, ‘साहेबांनी हे पान पाठ करावं’. सिनेकमध्ये, ‘जी.एम. पण’. चीजच्या पुस्तकात तर मी अख्ख्या स्टोअर्सची नावं घातली होती. एके ठिकाणी मुलाचं नाव, नंतर खोडलेलं. सत्तावीस पुस्तकं मी वाचली होती आणि सगळी दुसऱ्यांच्या वतीने. जगाच्या इतिहासात स्वतःसाठी लिहिलेलं असं एकच आठवतं. रोमचा बादशहा मार्कस ऑरेलियस स्वतःलाच उद्देशून ग्रीकमध्ये टिपणं काढायचा, त्यांतली काही तर लष्करी छावण्यांत लिहिलेली. आज ती मोठाले सीईओ उशाशी ठेवतात. त्याचा मुलगा कोमोडस पुढे बादशहा झाला आणि त्याने जे दिवे लावले त्यावरून, वडिलांच्या टिपणांना त्याचा हात लागला नसावा.

खालच्या कप्प्याच्या तळाशी एक खोकं होतं. साहेब माझ्या आधी दोन वर्षं निवृत्त झाले तेव्हा त्यांनी केबिन आवरताना ते मला दिलं होतं. “तुम्हाला वाचायची आवड आहे,” म्हणाले होते. मी घरी आणून ठेवलं आणि साहेबांची पुस्तकं म्हणून भीतीने कधी उघडलं नाही. आत अकरा पुस्तकं निघाली. त्यात वरच कव्हीचं ‘सेव्हन हॅबिट्स’, आणि पहिल्या पानावर माझं अक्षर, ‘आदरणीय साहेबांना वाढदिवसानिमित्त’. हे मी त्यांना पन्नाशीला दिलं होतं. हेतू स्वच्छ होता. कव्हीची पाचवी सवय अशी की आधी दुसऱ्याचं समजून घ्या, मग आपलं समजवा. शिबिरात त्या सवयीवर तासभर बोलले होते म्हणे आणि त्या तासात साहेब दोनदा फोनवर बाहेर गेले होते. म्हटलं, छापील तरी मिळू दे.

पाचवी सवय काढली. साहेबांनी लाल पेन्सिलीने अख्खा परिच्छेद अधोरेखित केला होता. बाजूला लिहिलं होतं, ‘स्टोअर्स!!’

दोन उद्गारचिन्हं. मी कधी कुणाला एकाच्या वर दिलेलं नाही. पुढे एका पानावर ‘एम.डी.’, एका पानावर ‘एम.डी. परत’. पण ते मी नीट वाचलं नाही, ‘स्टोअर्स’वरच अडकून बसलो. आता आठवलं, त्याच वर्षी दिवाळीला साहेबांनी मला मिठाईच्या पुड्याबरोबर पुस्तक दिलं होतं, “मुद्दाम तुमच्यासाठी आणलंय,” असं म्हणून. हेच. मला तेव्हा वाटलं होतं योगायोग.

ती प्रत डावीकडच्या ढिगात होती. काढली. नेहमीप्रमाणे चाळिसाव्या पानापर्यंत माझी पेन्सिल, पुढे कोरं असणार म्हणून मी थेट पाचव्या सवयीवर गेलो, नुसतं साहेबांच्या परिच्छेदाशी ताडून पाहायला. तर तिथे हिरवी शाई. दुधाचा आणि इस्त्रीवाल्याचा हिशोब ज्या बॉलपेनने लिहिला जातो, ते पेन. परिच्छेदाला कंस आणि बाजूला बारीक अक्षरात, ‘यांना दाखवणे’. त्याखाली तारीख. सहा वर्षांपूर्वीची.

मी पान उलटलं. पुढेही हिरवं होतं. ‘वन्सं’. ‘सोसायटीचे सेक्रेटरी’. ‘यांना’. एके ठिकाणी मोबाइल नंबर, प्लंबरचा. ‘यांना’. ‘सूनबाई येईल तेव्हा लक्षात ठेवणे’. चाळीस, दोनशे, तीनशे, पानामागून पान, थेट शेवटापर्यंत. शेवटच्या प्रकरणात एका ओळीखाली रेघ मारून नुसतं ‘मी’ लिहिलं होतं. माझी सत्तावीस आणि साहेबांची अकरा, अडतीस पुस्तकांत समासात हा शब्द मला तेवढ्या एका जागी सापडला.

ती ओळ काय होती ते वाचायला चष्मा शोधत होतो, तेवढ्यात जिन्यात चपलांचा आवाज आला आणि आत कुकरची शिट्टी झाली. कितवी, ते मात्र माझ्या लक्षात नव्हतं.